घटक ४ : जॉन मॅकलॉफ्लिन – जॅझ-रॉक गिटारवादक आणि ध्वनिमुद्रण-निर्माता

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –

- 'जॅझ-रॉक' आणि 'ध्वनिमुद्रण-निर्माता' या संज्ञांचा अर्थ स्पष्ट करता येईल.
- जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या कारकिर्दीतील प्रमुख टप्पे सांगता येतील.
- वादक आणि निर्माता या दोन भूमिकांमधील संबंध व ताण उलगडून दाखविता येईल.
- कलावंताच्या कारकिर्दीविषयी लिहिताना यश, श्रेय आणि शिक्षण या बाबींचा विचार कसा करावा, हे समजून घेता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कलावंताच्या कारकिर्दीविषयी लिहिणे हे चरित्रात्मक लेखनातले एक अवघड काम आहे. जन्म, शिक्षण, पहिले यश, पुरस्कार, अखेर अशी तारखांची माळ ओवली म्हणजे कारकीर्द सांगून झाली, असे आपल्याला वाटते. पण तशा माळेतून कलावंताने कोणते निर्णय घेतले, त्यांची किंमत काय मोजली आणि त्याच्या कलेत त्यामुळे काय बदलले, याचा उलगडा होत नाही. हा उलगडा करणे हेच अशा लेखनाचे खरे प्रयोजन होय.

या घटकात आपण जॉन मॅकलॉफ्लिन या इंग्रज गिटारवादकाची कारकीर्द अभ्यासणार आहोत. ही निवड करण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, वाद्य वाजविणे आणि ध्वनिमुद्रिका घडविणे या दोन्ही कामांचा अनुभव त्यांच्या कारकिर्दीत एकत्र येतो. त्यामुळे श्रोत्यांच्या नजरेआड राहणारे निर्मात्याचे काम नीट पाहता येते. दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे. जगभर नाव झालेले असताना, वयाच्या तिशीनंतर या वादकाने भारतीय संगीताचा विद्यार्थी होणे पत्करले, आणि त्या शिक्षणातून उभ्या राहिलेल्या संगीताचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे.

४.२ दोन संज्ञांचा परिचय

जॅझ-रॉक : जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात विसाव्या शतकाच्या प्रारंभी आकाराला आलेले संगीत. दिलेल्या धूनच्या आधाराने वादकाने आयत्या वेळी नवे रचत जाणे, हा त्याचा प्राण. आपल्या रागसंगीतातील उपजेशी त्याचे नाते जोडता येते; मात्र रागसंगीतात एका आधारस्वराभोवती स्वरांचा विस्तार होतो, तर जॅझमध्ये बदलत जाणाऱ्या स्वरसंघांवरून वादक वाट काढतो. रॉक हे १९५० नंतर लोकप्रिय झालेले, विजेवर चालणाऱ्या गिटारचे, ठसठशीत ठेक्याचे आणि मोठ्या आवाजाचे संगीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही जॅझ वादकांनी रॉकमधील विद्युत्-वाद्ये, आवाजाचा जोर आणि ठेका स्वीकारला. उत्स्फूर्त रचनेची आपली रीत मात्र सोडली नाही. या संगीताला जॅझ-रॉक असे नाव मिळाले. पुढे त्यालाच 'फ्यूजन' असेही म्हटले जाऊ लागले.

ध्वनिमुद्रण-निर्माता : मराठीत 'निर्माता' हा शब्द आपण मुख्यतः नाटक आणि चित्रपट यांच्या संदर्भात वापरतो. तेथे निर्माता म्हणजे भांडवल घालणारा आणि व्यवहार सांभाळणारा. ध्वनिमुद्रिकेचा निर्माता याहून वेगळा असतो. कोणत्या रचना घ्यायच्या, कोणत्या वादकांना बोलवायचे, ध्वनिमुद्रण कोठे आणि कसे करायचे, अनेक वेळा वाजविलेल्या रचनेतील कोणते वादन ठेवायचे, कोणते वाद्य पुढे आणि कोणते मागे ऐकू यायला हवे, आणि अखेर मुद्रिका कोणत्या क्रमाने बांधायची, हे सारे तो ठरवितो. चित्रपटाच्या भाषेत बोलायचे तर त्याचे काम निर्मात्यापेक्षा दिग्दर्शक आणि संकलक यांच्या अधिक जवळचे आहे. हा भेद ध्यानात ठेवला नाही, तर परभाषेतील संगीतविषयक मजकूर मराठीत आणताना अर्थाचा घोटाळा होतो. म्हणून या घटकात आपण 'ध्वनिमुद्रण-निर्माता' असा जोडशब्द वापरला आहे. संदर्भ स्पष्ट असेल तेथे केवळ 'निर्माता' म्हटले आहे.

४.३ जडणघडण : डॉनकास्टर ते लंडन

जॉन मॅकलॉफ्लिन यांचा जन्म ४ जानेवारी १९४२ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातल्या डॉनकास्टर येथे झाला. आई व्हायोलिन वाजवीत असे, त्यामुळे घरात पाश्चात्त्य अभिजात संगीत कानावर पडत होते. लहानपणी त्यांनी पियानोचे धडे घेतले आणि अकराव्या वर्षी गिटार हाती धरली. अमेरिकन ब्लूज, स्पेनमधील फ्लामेंको आणि मग जॅझ अशा निरनिराळ्या संगीताची ओढ त्यांना लागत गेली.

१९६० च्या दशकाच्या प्रारंभी ते लंडनला आले. तेथे जॉर्जी फेम, ग्रॅहम बाँड यांसारख्या संगीतकारांच्या संचांत त्यांनी साथ केली आणि उपजीविकेसाठी ध्वनिमुद्रणगृहांत इतरांच्या गाण्यांसाठी गिटार वाजविली. हे काम नाव मिळवून देणारे नव्हते. ठरल्या वेळी यायचे, समोर ठेवलेले स्वरलेखन वाचायचे, सांगितले तेवढे वाजवायचे आणि मानधन घेऊन निघायचे, असा तो दिनक्रम. तथापि ध्वनिमुद्रण प्रत्यक्षात कसे घडते, याचा अनुभव वादकाला अशाच कामातून मिळतो.

जानेवारी १९६९ मध्ये त्यांनी लंडनमध्ये 'एक्स्ट्रापोलेशन' ही स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका ध्वनिमुद्रित केली. सॅक्सोफोनवर जॉन सर्मन आणि ड्रमवर टोनी ऑक्स्ली होते. निर्माते होते जॉर्जिओ गोमेल्स्की. त्यानंतर लवकरच ड्रमवादक टोनी विल्यम्स यांच्या 'लाइफटाइम' या संचात वाजविण्याचे निमंत्रण आल्याने मॅकलॉफ्लिन न्यूयॉर्कला गेले.

४.४ न्यूयॉर्क, १९६९ : कात्री आणि ध्वनिफीत

टोनी विल्यम्स हे ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या संचातले वादक. त्यांच्यामुळे मॅकलॉफ्लिन यांची डेव्हिस यांच्याशी गाठ पडली आणि लगेचच, १८ फेब्रुवारी १९६९ रोजी, 'इन अ सायलेंट वे' या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांना बोलावणे आले.

त्या दिवशीचा एक प्रसंग मॅकलॉफ्लिन यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. शीर्षकरचना जो झाविनुल यांची होती आणि तिच्यात बदलणाऱ्या स्वरसंघांची दाटी होती. ती मनासारखी उतरेना. तेव्हा डेव्हिस यांनी या नवख्या वादकाला, गिटार वाजवता येत नसल्यासारखे वाजव, असे सुचविले. मॅकलॉफ्लिन यांनी स्वरसंघांची सारी गर्दी बाजूला सारून एकाच स्वरसंघाच्या आधाराने हलक्या हाताने धून छेडली. फीत त्या वेळी चालू होती, आणि त्यांचे हेच चाचपडते वादन मुद्रिकेत घेतले गेले.

येथे निर्मात्याचे काम सुरू होते. या मुद्रिकेचे निर्माते टिओ मॅसेरो यांनी शीर्षकरचनेचा ध्वनिमुद्रित भाग फितीवरून पुन्हा उतरवून घेतला आणि दुसऱ्या बाजूच्या प्रारंभी व अखेरीस तोच जोडला. वादकांनी तो एकदाच वाजविला होता. श्रोत्याला मात्र धून निघून परत येते, असा पूर्ण आकार जाणवतो. याचा अर्थ असा की, रचनेचा आकार वादनाच्या वेळी ठरला नाही. तो नंतर, कात्री आणि फीत हाती घेतलेल्या माणसाने ठरविला. ऑगस्ट १९६९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बिचेस ब्रू' या मुद्रिकेत मॅसेरो यांनी हे तंत्र आणखी पुढे नेले. त्या मुद्रिकेतील एका रचनेचे नावच 'जॉन मॅकलॉफ्लिन' असे आहे, यावरून त्या संचातील त्यांचे स्थान कळते.

निर्मात्याच्या सत्तेची दुसरी बाजूही मॅकलॉफ्लिन यांच्या वाट्याला लवकरच आली. १९७० मध्ये त्यांची 'डिव्होशन' ही मुद्रिका निघाली. तिचे अंतिम मिश्रण आणि संकलन आपल्या अनुपस्थितीत, आपल्या मनाविरुद्ध झाले, अशी नाराजी त्यांनी पुढे व्यक्त केली. वादन आपले, पण त्याचे अंतिम रूप दुसऱ्याच्या हाती, ही परिस्थिती डेव्हिस यांच्या मुद्रिकेत फलदायी ठरली होती. येथे ती बोचली. त्यांच्या पुढच्या वाटचालीकडे पाहताना हे दोन्ही अनुभव लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

> आपली प्रगती तपासा – १
> (अ) चित्रपटाचा निर्माता आणि ध्वनिमुद्रण-निर्माता यांच्या कामांतील मुख्य फरक एका वाक्यात सांगा.
> (आ) 'इन अ सायलेंट वे'च्या शीर्षकरचनेला टिओ मॅसेरो यांनी आकार कसा दिला?

४.५ महाविष्णू ऑर्केस्ट्रा

१९७० च्या सुमारास मॅकलॉफ्लिन हे न्यूयॉर्कमध्ये राहणारे बंगाली आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांचे अनुयायी झाले. गुरूंनी त्यांना 'महाविष्णू' हे नाव दिले. स्वतःचा संच काढण्याचा सल्ला माइल्स डेव्हिस यांनी दिलेला होता. त्यानुसार १९७१ मध्ये 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' हा संच उभा राहिला. ड्रमवर पनामात जन्मलेले बिली कॉबहॅम, कळफलकांच्या वाद्यांवर प्रागचे यान हॅमर, व्हायोलिनवर शिकागोचे जेरी गुडमन आणि बास गिटारवर आयर्लंडचे रिक लेअर्ड असे चौघे त्यांच्यासोबत होते. मॅकलॉफ्लिन यांच्या हाती दोन गळ्यांची गिटार असे. एका गळ्यावर सहा आणि दुसऱ्यावर बारा तारा.

या संचाचे वेगळेपण मुख्यतः लयीत होते. रॉक संगीत बहुधा चार मात्रांच्या सरळ ठेक्यावर चालते. 'बर्ड्स ऑफ फायर' ही रचना मात्र अठरा मात्रांच्या आवर्तनात बांधलेली आहे. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन असे विभाग मोजण्याची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याला विषम खंडांची ही मांडणी अपरिचित वाटत नाही. पाश्चात्त्य रॉकच्या श्रोत्याला ती चकित करणारी होती. विषम मात्रांचे आवर्तन, विलक्षण द्रुत गती आणि प्रचंड आवाज यांच्या जोडीला गिटार, व्हायोलिन व कळफलक यांच्यात सवाल-जबाबासारखी देवाणघेवाण चाले.

'द इनर माउंटिंग फ्लेम' (१९७१) आणि 'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३) या दोन मुद्रिकांनी संचाला कीर्ती मिळाली. दुसरी मुद्रिका अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. शब्दांविना असलेल्या, ऐकायला अवघड अशा संगीताच्या दृष्टीने हे यश असाधारण होते. पहिल्या मुद्रिकेचे निर्माते स्वतः मॅकलॉफ्लिन होते. दोन्ही मुद्रिकांमधील सर्व रचनाही त्यांच्याच नावावर होत्या. वादन, रचना आणि अंतिम निर्णय यांची सूत्रे आता एका हाती एकवटली होती.

४.६ श्रेयाचा प्रश्न

सूत्रे एका हाती आल्यावर जे होते, तेच येथेही झाले. संचातील इतर वादकही रचनाकार होते. आपल्या रचनांनाही संचाच्या मुद्रिकेत स्थान मिळावे, अशी त्यांची अपेक्षा होती. जून १९७३ मध्ये लंडनच्या ट्रायडंट ध्वनिमुद्रणगृहात तिसऱ्या मुद्रिकेचे काम झाले. त्यात मॅकलॉफ्लिन यांच्या रचनांबरोबर हॅमर यांची 'सिस्टर अँड्रिया', गुडमन यांची 'आय वंडर' आणि लेअर्ड यांची 'स्टेपिंग्ज टोन्स' या रचना होत्या. पण तोवर मतभेद वाढत गेले होते. ती मुद्रिका प्रसिद्धच झाली नाही. तिच्याऐवजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील मैफलीचे ध्वनिमुद्रण 'बिट्वीन नथिंगनेस अँड इटर्निटी' या नावाने काढण्यात आले आणि १९७३ सरता सरता हा पाच जणांचा संच विखुरला. ट्रायडंटमधील ध्वनिमुद्रण श्रोत्यांपर्यंत पोहोचायला १९९९ साल उजाडावे लागले.

मित्रहो, हा प्रसंग केवळ भांडणाचा तपशील म्हणून वाचू नये. पाच जण मिळून जे संगीत घडवितात, ते कोणाचे? ज्याने मूळ धून लिहिली त्याचे, ज्यांनी प्रत्यक्ष वादनात तिला देह दिला त्यांचे, की कोणते वादन ठेवायचे हे ठरविणाऱ्याचे? नाटकाच्या संदर्भात लेखक, दिग्दर्शक आणि नट यांच्याविषयी हाच प्रश्न आपण विचारतो. कारकिर्दीचे वर्णन करताना मुद्रिकेवर ठळक अक्षरांत छापलेल्या नावापाशी लेखकाने थांबू नये. त्या नावामागे उभ्या असलेल्या माणसांचीही दखल घ्यावी. 'डिव्होशन'च्या वेळी ज्या नियंत्रणाचा अभाव मॅकलॉफ्लिन यांना बोचला, तेच नियंत्रण तीन वर्षांनी त्यांच्या सहकाऱ्यांना जाचक वाटले, ही नोंद एका बाजूने न्याय देणारी आणि दुसऱ्या बाजूने निंदा करणारी ठरत नाही. ती दोन्ही भूमिकांचे स्वरूप दाखविते.

महाविष्णू हे नाव पुढे नव्या वादकांसह चालू राहिले. १९७४ च्या 'अपोकॅलिप्स' या मुद्रिकेत मायकेल टिल्सन थॉमस यांच्या संचालनाखाली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने साथ केली. हिचे निर्माते होते जॉर्ज मार्टिन, म्हणजे बीटल्सच्या मुद्रिका घडविणारे गृहस्थ. मोठ्या वाद्यवृंदाचा समतोल साधणाऱ्या जाणकाराच्या हाती मॅकलॉफ्लिन यांनी येथे अंतिम रूप सोपविले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

४.७ शक्ती : पुन्हा विद्यार्थी

विजेच्या गिटारवर कीर्ती मिळत असतानाच मॅकलॉफ्लिन यांचे दुसरे शिक्षण चालू होते. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या वेस्लियन विद्यापीठात कर्नाटक संगीताचे विद्वान डॉ. एस. रामनाथन अध्यापन करीत. त्यांच्याकडे मॅकलॉफ्लिन वीणा शिकू लागले. हजारो श्रोत्यांपुढे वाजविणारा वादक दुसऱ्या परंपरेच्या प्राथमिक धड्यांना बसला. व्हायोलिनवादक एल. शंकर यांच्याशी त्यांची ओळखही याच परिसरात झाली. तबलावादक झाकीर हुसेन त्या काळात कॅलिफोर्नियात अध्यापन करीत होते. मुंबईत जन्मलेले आणि पिता उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून पंजाब घराण्याची तालीम लाभलेले झाकीर हुसेन तेव्हा जेमतेम पंचविशीत होते. घटम् वाजविणारे टी. एच. विनायकराम आणि प्रारंभी मृदंगम् वादक रामनाड राघवन यांच्या सहभागाने 'शक्ती' हा संच आकाराला आला.

५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील साउथहॅम्प्टन महाविद्यालयात झालेली मैफल ही संचाची पहिली मुद्रिका ठरली. ती १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यापाठोपाठ 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी' (१९७६) आणि 'नॅचरल एलिमेंट्स' (१९७७) या मुद्रिका निघाल्या.

या संगीतासाठी गिटार हे वाद्यच बदलावे लागले. त्यामागचे कारण समजून घेऊ. भारतीय संगीतात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाणे, म्हणजे मींड, आणि स्वराला दिलेला आंदोलित झोल, म्हणजे गमक, ही केवळ सजावट नसते. रागाचे रूपच त्यावर अवलंबून असते. सतारीचे पडदे उंच आणि कमानदार असतात, त्यामुळे तार बाजूला खेचून वादक अनेक स्वर काढू शकतो. गिटारचे पडदे मात्र लाकडी पट्टीला जवळजवळ चिकटलेले असतात. बोट लाकडावर टेकते आणि तार फार खेचता येत नाही. यावर उपाय म्हणून कारागीर एब्रहॅम वेक्टर यांनी मॅकलॉफ्लिन यांच्यासाठी खास गिटार घडविली. तिच्या दोन पडद्यांमधील लाकूड कोरून खोलगट केले होते, त्यामुळे बोटाला तार खेचायला मोकळीक मिळाली. शिवाय नेहमीच्या सहा तारांखालून, ध्वनिछिद्रावरून तिरप्या जाणाऱ्या आणखी सात तारा बसविल्या होत्या. सतारीच्या किंवा सरोदच्या तरफांप्रमाणे त्यांतून अनुनाद मिळे आणि त्या छेडून आधारस्वराचा भराव देता येई.

शक्तीचे महत्त्व पूर्व आणि पश्चिम यांच्या भेटीपुरते मर्यादित नाही. हिंदुस्थानी परंपरेतील तबला आणि कर्नाटक परंपरेतील घटम्, मृदंगम् व व्हायोलिन ही एकाच संचात नियमित वाजू लागली, ही गोष्ट भारतातही त्या काळी विरळ होती. दोन्ही पद्धतींची तालभाषा वेगळी. त्यांनी एकमेकींचे बोल समजून घेत केलेला लयीचा संवाद हे या मुद्रिकांचे खरे आकर्षण आहे.

या वाटेची किंमतही होती. विजेच्या गिटारसाठी येणारा मोठा श्रोतृवर्ग नैसर्गिक आवाजाच्या या संगीताकडे तितक्या संख्येने वळला नाही. महाविष्णूच्या मुद्रिकांच्या तुलनेत शक्तीच्या मुद्रिकांची विक्री कमी झाली आणि १९७८ मध्ये मॅकलॉफ्लिन पुन्हा विद्युत्-गिटारकडे वळले. केवळ विक्रीचे आकडे पाहणारा चरित्रकार या तीन वर्षांना अपयशाचा कालखंड म्हणेल. परंतु पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे ज्या कामाकडे ते पुनःपुन्हा परतले, त्याचा पाया याच काळात घातला गेला होता.

> आपली प्रगती तपासा – २
> (अ) ट्रायडंट ध्वनिमुद्रणगृहातील मुद्रिका तेव्हा प्रसिद्ध न होण्यामागे कोणता ताण होता?
> (आ) शक्तीसाठी घडविलेल्या गिटारमधील दोन बदल सांगा.

४.८ पुनर्भेट आणि मुंबई

५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे मॅकलॉफ्लिन यांनी पाको दे लुसिआ आणि अल दि मेओला या गिटारवादकांबरोबर मैफल केली. कोणत्याही साथीविना झालेल्या या मैफलीची 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' ही मुद्रिका १९८१ मध्ये निघाली आणि अतिशय लोकप्रिय झाली. 'मेकिंग म्युझिक' (१९८७) या झाकीर हुसेन यांच्या मुद्रिकेत ते पंडित हरिप्रसाद चौरसिया आणि नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांच्यासह वाजले. तिचे निर्माते मानफ्रेड आयशर होते. दुसऱ्याच्या मुद्रिकेत साथीदार होऊन बसणे मॅकलॉफ्लिन यांनी कमीपणाचे मानले नाही.

१९९७ मध्ये 'रिमेंबर शक्ती' या नावाने संच पुन्हा एकत्र आला. एल. शंकर आता त्यात नव्हते. प्रारंभी बासरीवर पंडित चौरसिया होते. नंतर मँडोलिनवादक यू. श्रीनिवास, विनायकराम यांचे पुत्र आणि कंजिरावादक व्ही. सेल्वगणेश, तसेच गायक शंकर महादेवन संचात आले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली 'सॅटर्डे नाइट इन बाँबे' ही मुद्रिका मुंबईतील मैफलीची आहे. संतूरवादक पंडित शिवकुमार शर्मा यांच्यासारखे पाहुणे कलावंत तीत सहभागी झाले.

शंकर महादेवन मराठी वाचकांना अपरिचित नाहीत. मुंबईत वाढलेल्या या गायकाने मराठीतील ज्येष्ठ संगीतकार श्रीनिवास खळे यांच्याकडे शिक्षण घेतले, आणि २०१५ च्या 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटातील त्यांचे पंडित भानुशंकर अनेकांच्या स्मरणात असतील. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इज दॅट सो?' या मुद्रिकेसाठी मॅकलॉफ्लिन यांनी महादेवन यांच्या रागाधारित गायनाखाली पाश्चात्त्य स्वरसंघांची रचना केली. राग एका आधारस्वरावर स्थिर असतो. त्याखाली स्वरसंघ बदलत गेले की तोच स्वर दर वेळी वेगळ्या प्रकाशात ऐकू येतो. गायन अबाधित ठेवून त्याभोवती नवा अवकाश उभा करण्याचे हे काम वादकाचे कमी आणि निर्मात्याचे अधिक आहे. मॅसेरो यांनी फितीवर जे साधले होते, त्याचा हा पन्नास वर्षांनंतरचा वारसा म्हणता येईल.

२०२३ मध्ये शक्तीची 'धिस मोमेंट' ही मुद्रिका निघाली. मॅकलॉफ्लिन, झाकीर हुसेन, शंकर महादेवन, सेल्वगणेश आणि व्हायोलिनवादक गणेश राजगोपालन यांच्या या मुद्रिकेला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर हुसेन यांचे सॅन फ्रान्सिस्को येथे निधन झाले. जवळजवळ पन्नास वर्षांची सोबत येथे संपली.

४.९ कारकिर्दीचे आकलन

आता या साऱ्या तपशिलाकडे एकत्रितपणे पाहू. मॅकलॉफ्लिन यांच्या कारकिर्दीत तीन सूत्रे दिसतात.

पहिले सूत्र नियंत्रणाचे. लंडनमध्ये सांगितले तेवढे वाजविणारा वादक पुढे स्वतःच्या मुद्रिकांचा निर्माता झाला. त्या अधिकाराने त्याला मोठे काम करता आले आणि त्याच अधिकारामुळे एक संच तुटला. नंतरच्या काळात अधिकार कोठे धरायचा आणि कोठे सोडायचा, याचा विवेक त्यांच्या कामात अधिक दिसतो.

दुसरे सूत्र शिकण्याचे. कोनक्कोल ही कर्नाटक संगीतातील तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची पद्धत. साठी उलटल्यावर, २००७ मध्ये, त्यांनी सेल्वगणेश यांच्यासह या पद्धतीची ओळख करून देणारी 'द गेटवे टू रिदम' ही शैक्षणिक चित्रफीत काढली. ज्यांच्या पित्याबरोबर शक्तीत वाजविले, त्या सेल्वगणेश यांच्यासह ते येथे तालाचे धडे देतात. नोकरी, संसार आणि शेतीवाडी सांभाळून पदवीचा अभ्यास करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना या सूत्राचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. वय वाढले म्हणजे शिकणे अवघड होते हे खरे. पण प्रौढ विद्यार्थ्यापाशी आधीच्या कामाचा अनुभव असतो आणि नवे ज्ञान त्या अनुभवावर घासून पाहता येते. मॅकलॉफ्लिन वीणा शिकून वीणावादक झाले नाहीत. त्या शिक्षणाने त्यांची गिटार बदलली.

तिसरे सूत्र 'फ्यूजन' या शब्दाविषयी सावध करणारे आहे. मराठीत आपण त्याला 'मिश्रसंगीत' म्हणतो. मिश्रणात घटकांचे स्वत्व हरवते, असे त्या शब्दातून सूचित होते, आणि वरवरच्या प्रयोगांबाबत ते खरेही असते. शक्तीच्या संगीतात मात्र तबला तबल्यासारखाच आणि घटम् घटम्सारखाच वाजतो. बदलले ते पाहुण्याचे वाद्य. म्हणून या संगीतासाठी 'संवाद' हा शब्द अधिक अर्थवाही ठरतो. संज्ञा निवडताना लेखकाने असा विचार करणे हा भाषेच्या अभ्यासाचाच भाग आहे.

४.१० सारांश

जॉन मॅकलॉफ्लिन यांनी इंग्लंडमध्ये साथीदार वादक म्हणून प्रारंभ केला. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला गेल्यावर माइल्स डेव्हिस यांच्या मुद्रिकांतून जॅझ-रॉकच्या जडणघडणीत त्यांचा वाटा राहिला. निर्माता संगीताला कसा आकार देतो आणि वादकावर कशी सत्ता गाजवितो, हे त्यांनी तेथे अनुभवले. महाविष्णू ऑर्केस्ट्रात रचना आणि निर्णयाची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्यातून यश मिळाले आणि श्रेयाचा प्रश्नही उभा राहिला. शक्तीमध्ये त्यांनी कीर्तीपेक्षा शिक्षणाला महत्त्व दिले. त्या शिक्षणाचे फळ 'रिमेंबर शक्ती'पासून 'धिस मोमेंट'पर्यंतच्या कामात दिसते. कारकीर्द समजून घेताना यशाबरोबर निर्णय, श्रेय आणि शिकण्याची तयारी यांचाही विचार करावा लागतो.

४.११ पारिभाषिक शब्द

स्वरसंघ : एकाच वेळी वाजविलेले, परस्परांशी सुसंगत असे अनेक स्वर.
तरफा : मुख्य तारांच्या वादनाने आपोआप अनुनाद देणाऱ्या साहाय्यक तारा.
पडदा : तंतुवाद्यावर स्वरस्थान निश्चित करणारी धातूची आडवी पट्टी.
कोनक्कोल : कर्नाटक संगीतातील तालाच्या बोलांचे मौखिक उच्चारण.

४.१२ 'आपली प्रगती तपासा'ची उत्तरे

१ (अ) चित्रपटाचा निर्माता मुख्यतः भांडवल व व्यवहार पाहतो, तर ध्वनिमुद्रण-निर्माता मुद्रिकेचे कलात्मक रूप ठरवितो. (आ) एकदाच वाजविलेला भाग फितीवरून उतरवून घेऊन प्रारंभी व अखेरीस जोडला.
२ (अ) इतर सदस्यांच्या रचनांना स्थान व श्रेय मिळण्याबाबतचे मतभेद. (आ) पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरणे. सात अतिरिक्त तिरप्या तारा बसविणे.

४.१३ स्वाध्याय

१. 'निर्मात्याचा अधिकार कलेला उपकारक ठरतो आणि जाचकही' या विधानाची मॅकलॉफ्लिन यांच्या कारकिर्दीच्या आधारे चर्चा करा.
२. 'मिश्रण' आणि 'संवाद' यांपैकी कोणती संज्ञा शक्तीच्या संगीताला लागू पडते? सकारण लिहा.
३. आपल्या परिसरातील भजनी मंडळ, बँडपथक, तमाशाचा फड किंवा वाद्यवृंद यांपैकी एकाची माहिती प्रत्यक्ष भेटून मिळवा. ज्यांचे नाव फलकावर नसते, पण ज्यांच्यावाचून कार्यक्रम उभा राहत नाही, अशा व्यक्तीच्या कामाविषयी तिच्या संमतीने ४०० शब्दांत लिहा.